कौल नको, चौकशी हवी!

आपल्याकडे गावात काही पेच पडला की अजूनही देवळात जाऊन कौल लावतात. पाषाणाला पाण्याने कळे नाहीतर पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं आणि उजवी पडते की डावी याची वाट बघायची. पडली की विषय संपला. ती का पडली असं कोणी विचारत नाही, विचारायचं नसतंच. श्रद्धेच्या जागी ते ठीक आहे, त्यावर मला काही बोलायचं नाही. पण आपल्या देशातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत एखाद्या शास्त्रज्ञावर खोटेपणाचा आरोप झाला, की तिथेही बऱ्याचदा हाच प्रकार चालतो असं सांगितलं तर? बंद दाराआड समिती बसते आणि काही महिन्यांनी एक शब्द बाहेर येतो, ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’. कशावरून ठरलं, हे मात्र विचारायचं नाही!

आधी शब्दांचं बघू. इंग्रजीत याला ‘सायंटिफिक मिसकंडक्ट’ म्हणतात. मराठीत ‘वैज्ञानिक गैरवर्तन’ म्हटलं की वर्गात च्युइंगगम खाल्ल्यासारखं काहीतरी वाटतं, म्हणून मी सरळ ‘संशोधनातली लबाडी’ म्हणणार आहे. अमेरिकन सरकारने २००० साली तिची व्याख्या तीन शब्दांत केली : फॅब्रिकेशन, फॉल्सिफिकेशन आणि प्लेजरिझम. म्हणजे न केलेल्या प्रयोगाचे आकडे बनवणं, केलेल्या प्रयोगाचे आकडे किंवा चित्रं फिरवणं आणि दुसऱ्याचं काम आपलं म्हणून छापणं. त्याच धोरणात पुढे स्पष्ट लिहिलंय की प्रामाणिक चूक आणि मतभेद यात मोडत नाहीत. हे फार महत्त्वाचं आहे. चुकणं हा गुन्हा नाही. मीटरचं कनेक्शन उलटं लागलं तर तो धांदरटपणा, लबाडी नव्हे. त्यामुळे चौकशी करणाऱ्यांनी ‘आकडा चुकला का’ एवढ्यावर थांबून चालत नाही, ‘हा आकडा आला कुठून’ हे शोधावं लागतं.

आता पुण्याची गोष्ट. पुणे विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स, म्हणजे एनसीसीएस, ही केंद्र सरकारची नावाजलेली संस्था आहे. तिथे तेव्हा असलेले डॉ. गोपाल कुंडू हे कर्करोगावर काम करणारे शास्त्रज्ञ, २००४ सालच्या शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराचे मानकरी. २००६ मध्ये एक निनावी तक्रार आली. त्यांच्या गटाचा २००५ साली ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’ या अमेरिकन नियतकालिकात पेपर आला होता. त्यातल्या काही आकृत्या म्हणजे याच गटाच्या आधीच्या पेपरमधल्या आकृत्या आहेत, फक्त प्रयोगाचं लेबल बदललंय, असा आरोप होता. आकृत्या होत्या ‘वेस्टर्न ब्लॉट’च्या. नमुन्यात एखादं प्रथिन आहे का आणि किती आहे, हे काळ्या पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी ही चाचणी. कुंडू यांनी आरोप नाकारले.

पुढे काय झालं ते नीट बघा. संस्थेच्या अंतर्गत समितीला आकृत्यांत फेरफार दिसला. मग बाहेरच्या तज्ज्ञांची समिती नेमली गेली, अध्यक्ष बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे माजी संचालक डॉ. जी. पद्मनाभन. तिने कुंडूंना निर्दोष ठरवलं. वाटलं, संपलं. पण २००७ मध्ये त्या अमेरिकन नियतकालिकाने पेपरच मागे घेतला! त्याच वर्षी ‘सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज’ या शास्त्रज्ञांच्या संस्थेने (ही १९८६ पासून काम करतेय, पण तिच्या हातात कायद्याचा कसलाही अधिकार नाही) स्वतः तपासणी करून ठपका ठेवला. आणि २०१० मध्ये इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसने कुंडूंना ३ वर्षं आपल्या कार्यक्रमांपासून दूर ठेवलं.

म्हणजे चित्रं तीच, पट्ट्या त्याच. एकाने दोषी म्हटलं, दुसऱ्याने निर्दोष, तिसऱ्याने पेपर काढून टाकला, चौथ्याने ठपका ठेवला आणि पाचव्याने शिक्षा केली. चार वर्षं गेली. मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. त्या पट्ट्या बघून निकाल देण्याची माझी लायकी नाही आणि तसा माझा इरादाही नाही. माझा प्रश्न वेगळाच आहे. इतके थोर लोक एकाच कागदाकडे बघून इतकी वेगवेगळी उत्तरं देत असतील, तर दोष डोळ्यांचा की पद्धतीचा? कुठला पुरावा पुरेसा मानायचा, मूळ नोंदी कोणी ताब्यात घ्यायच्या, शेवटचा शब्द कोणाचा, हे आधीच ठरलेलं असतं तर असं झालं असतं का? क्रिकेटमध्ये निदान थर्ड अंपायर कोण हे टॉसच्या आधी माहीत असतं!

चांगली चौकशी कशी असते याचंही उदाहरण आहे आणि ते आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या जिव्हाळ्याचं आहे. ज्या बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला, तिथे यान हेन्ड्रिक शोन नावाचा तरुण शास्त्रज्ञ होता. सेंद्रिय पदार्थांपासून, अगदी रेणूंच्या एका थरापासून ट्रान्झिस्टर बनवल्याचे त्याचे पेपर ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मध्ये धडाधड येत होते. नोबेल मिळणार असं लोक उघड बोलायचे. मग दोन-तीन भौतिकशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की वेगवेगळ्या प्रयोगांच्या ग्राफमधला नॉइज अगदी सारखा आहे. सिग्नल सारखा येऊ शकतो हो, पण नॉइज? तो यादृच्छिक असतो. ऑसिलोस्कोपसमोर अर्धा तास बसलेल्या कुणालाही कळेल की दोन वेळा हुबेहूब तोच नॉइज येणं म्हणजे देवगडच्या दोन आंब्यांवर ठिपके तंतोतंत एकाच जागी असणं.

मे २००२ मध्ये बेल लॅब्जने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष स्टॅनफर्डचे माल्कम बीझली, म्हणजे कंपनीबाहेरचा माणूस. समितीने आरोपांची यादीच केली, एकूण २४. मूळ डेटा मागितला. शोनने सांगितलं की फाईली डिलीट केल्या, कॉम्प्युटरवर जागा नव्हती. प्रयोगाच्या नोंदवह्या तर त्याने नीट ठेवल्याच नव्हत्या. समितीने प्रत्येक आरोपावर स्वतंत्र निष्कर्ष दिला. १६ सिद्ध, बाकीचे नाहीत. सहलेखकांनी लबाडी केली नाही, हेही स्पष्ट लिहिलं. सप्टेंबर २००२ मध्ये पूर्ण अहवाल जाहीर झाला आणि शोनची नोकरी गेली. चार महिने! आज कोणीही तो अहवाल वाचू शकतो आणि समितीशी असहमतसुद्धा होऊ शकतो. अहवाल उघड असला की समितीलाही जपून लिहावं लागतं.

आणि आपल्याकडे त्याच वर्षी काय चाललं होतं? नैनितालच्या कुमाऊं विद्यापीठाचे कुलगुरू बी. एस. राजपूत यांच्या नावावर आलेला पेपर स्टॅनफर्डच्या रेनाटा कॅलॉश यांच्या पेपरची नक्कल असल्याचं उघडकीला आलं. आता कुलगुरूंचीच तक्रार करायची तर कोणाकडे? शेवटी स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी, ज्यात नोबेल विजेतेही होते, थेट राष्ट्रपती डॉ. कलाम यांना पत्र लिहिलं. निवृत्त न्यायमूर्तींची समिती बसली, आरोप खरे निघाले आणि २००३ मध्ये राजपूत यांनी राजीनामा दिला. न्याय झाला म्हणायचं. पण विचार करा, एका चौकशीसाठी नोबेलवाले आणि शास्त्रज्ञ राष्ट्रपती लागले. दर वेळी कुठून आणायचे?

याची दुसरीही बाजू आहे आणि ती विसरून चालणार नाही. आरोप म्हणजे दोष नव्हे. अमेरिकेत तेरेझा इमानिशी-कारी या महिला शास्त्रज्ञाच्या नोंदींवर १९८६ मध्ये तिच्याच प्रयोगशाळेतल्या सहकारी संशोधिकेने शंका घेतली. प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत गेलं, वह्यांचे कागद सीक्रेट सर्व्हिसने तपासले, वर्तमानपत्रांनी तिला खोटारडी ठरवून टाकलं. तिची बाजू घेणारे नोबेल विजेते डेव्हिड बाल्टिमोर यांना रॉकफेलर विद्यापीठाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. १९९६ मध्ये अपील मंडळाने तिला निर्दोष ठरवलं. दहा वर्षं! ती दहा वर्षं कोण परत देणार? वाईट चौकशी चोराला सोडते आणि सज्जनाला भाजते, दोन्ही एकदमच.

आपण मालवणी माणसं गजालीत पटाईत, त्यामुळे हा धोका आपल्याला जास्तच. २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणात राजकोटवरचा शिवरायांचा पुतळा कोसळला. अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. प्रत्येकाच्या काळजाला लागलेली ती गोष्ट आहे. पण त्याच संध्याकाळी प्रत्येक चहाच्या टपरीवर निकाल तयार होता. कोणी वारा म्हणे, कोणी गंज, कोणी वेल्डिंग. इंजिनिअर होऊ घातलेल्यांनी तरी विचारायला हवं होतं की ड्रॉइंग कुठे आहेत, धातूच्या टेस्टचे रिपोर्ट कुठे आहेत, स्टॅबिलिटीची आकडेमोड कोणी केली आणि त्यावर सही कोणाची? राग येणं बरोबरच आहे, पण पुढचा पुतळा उभा राहायचा तर या कागदांच्याच जोरावर.

तुम्ही म्हणाल, पट्ट्या, नॉइज, स्टॅनफर्ड... आपला काय संबंध? संबंध अगदी दारात आहे. कोकणात खाण काढायची, बंदर बांधायचं, कारखाना आणायचा तर आधी पर्यावरण परिणाम अहवाल लागतो, ज्याला ईआयए म्हणतात. गावाचं पाणी, मासळी, बागायती यांचं काय होणार हे त्यात ‘शास्त्रीय’ पद्धतीने सांगायचं असतं. २००७ च्या सुमारास शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या आशापुरा मायनेकेम कंपनीच्या बॉक्साइट खाणीचा अहवाल गाजला. तो केला होता अर्न्स्ट अँड यंग या जगप्रसिद्ध सल्लागार कंपनीने. त्यात परिसराचं वर्णन करताना स्प्रूस आणि बर्चच्या जंगलांचा उल्लेख निघाला! रत्नागिरीत स्प्रूस? आमच्या आजीलासुद्धा सांगता येईल की इथे ऐन, किंजळ, काजू आणि आंबा आहे. ते वर्णन रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातून उचललेलं होतं.

हसू येतं, पण हसून सोडण्यासारखं नाही हे. झाडं रशियातली निघाली म्हणून चोरी पकडली तरी गेली. पाण्याच्या पातळीचा आकडा, धुळीचा आकडा, विहिरींची संख्या जर अशीच कुठूनतरी आली असेल, तर ते कोणाला दिसणार? आकड्याला पानं नसतात. हा अहवाल करणाऱ्या सल्लागाराला पैसे कोण देतं, तर ज्याला खाण हवी आहे तोच. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी २०१० मध्ये नेमलेल्या माधव गाडगीळ समितीकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचा प्रश्न मुद्दाम सोपवला होता. २०११ च्या अहवालात त्या समितीनेही ईआयएच्या दर्जावर कडक टीका केली. म्हणजे संशोधनातली लबाडी ही शास्त्रज्ञांची आपसातली भानगड नाही. तिची किंमत दोडामार्गचा काजूवाला आणि मालवणचा रापणकर मोजतो.

आता आणखी जवळ येऊ. आमच्या वाडीतली एक ताई सिव्हिलला एम.टेक. करत होती. कॉलेज कुठलं ते सांगत नाही. प्रोजेक्ट होता काँक्रीटमध्ये फ्लाय अॅश घालण्यावर. तुम्हाला माहीत आहेच, क्यूब टाकायचे, पाण्यात ठेवायचे आणि ७ व्या आणि २८ व्या दिवशी मशीनवर फोडायचे. एके दिवशी ती गाईडच्या टेबलावर पेपरचा मसुदा बघते तर काय, २८ दिवसांचे आकडे टेबलात भरलेले. आणि तिचे क्यूब तर अजून टाकीत होते, १९ वा दिवस होता! तिने भीत भीत विचारलं. उत्तर मिळालं, “अगं, साधारण तेवढेच येणार.” तिने मला एकच विचारलं, “सांग, मी कोणाकडे जायला हवं होतं?” विभागप्रमुख त्याच पेपरचे सहलेखक. तक्रारपेटीची चावी त्यांच्याच शिपायाकडे. ती गप्प बसली, डिग्री घेतली. आज पुण्यात साइटवर आहे आणि क्यूबच्या रजिस्टरच्या प्रत्येक पानाचा तारखेसह फोटो काढून ठेवते. मला तिला भित्री म्हणवत नाही. जायला दारच नसेल तर माणूस काय भिंतीवर डोकं आपटणार?

नियम नाहीत असं नाही. यूजीसीने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम आणले. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० असेल तर सुधारून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० असेल तर एक वर्ष बंदी. ६० च्या वर गेलं की नोंदणी रद्द. विभागाची एक समिती, संस्थेची एक समिती, अहवालाला ४५ दिवसांची मुदत. चांगलंच आहे. पण गंमत बघा, हे सगळं शब्दांच्या चोरीसाठी. ताईच्या गाईडचा पेपर सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर साम्य शून्य टक्के येईल, कारण ते आकडे कोणाचे चोरलेले नव्हतेच, ते स्वतःच्या डोक्यातून आलेले होते! ओरिजिनल!! उचललेलं वाक्य पकडायला यंत्र आहे, बनवलेला आकडा पकडायला काही नाही. आणि पूल वाक्यांवर उभा राहत नाही, आकड्यांवर राहतो.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे मॉरल सायन्सचा वेगळा तास असायचा आणि सायन्सचा वेगळा. प्रामाणिकपणा पहिल्या तासाला, प्रयोग दुसऱ्या. आपली सगळी व्यवस्था अजून तशीच आहे असं मला वाटतं. संशोधकाने खरं बोलावं ही अपेक्षा त्याच्या संस्कारांवर सोडायची आणि मग तो खोटा निघाला की ‘काय हे संस्कार’ म्हणून हळहळायचं. पण विज्ञानाची खुबीच अशी आहे की त्यात कोणाच्या संस्कारांवर विसंबावं लागत नाही. म्हणून तर वही, तारीख, सही, पुन्हा प्रयोग हे सगळं आहे. बाजारात सुरमई घेताना आपण कल्ला उचलून लाल आहे का ते बघतोच ना? तेव्हा कोळीण म्हणते का की ‘माझ्यावर विश्वास नाही?’ उलट ती स्वतःच उचलून दाखवते. ज्याचा माल ताजा आहे त्याला तपासणीचा राग येत नाही.

मग करायचं काय? दिल्लीत कायदा होईल तेव्हा होवो. शोध लबाडीचा लावायचा असो की निर्दोष माणसाला वाचवायचं असो, कुठल्याही चौकशीला चार गोष्टी लागतात आणि त्या आपल्या कॉलेजातही जमण्यासारख्या आहेत.

पहिली, मूळ नोंद. प्रयोगाच्या दिवशीच, पेनने, तारीख घालून लिहिलेली वही आणि त्यावर त्याच दिवशी लॅब असिस्टंटची सही. खाडाखोड झाली तर एक रेघ मारा, पण आधीचा आकडा दिसू द्या. दुसरी, समितीत निदान एक माणूस बाहेरच्या कॉलेजचा. ज्यांच्यावर आरोप, त्यांच्या हाताखालच्या माणसांनी चौकशी करणं हा फार्स आहे. तिसरी, मुदत आणि लेखी अहवाल. काय आरोप होता, काय तपासलं, काय सापडलं, प्रत्येक मुद्द्यावर वेगळं. दोष सिद्ध झाला नाही तर तसंही तितक्याच ठळकपणे जाहीर करा आणि त्या माणसाचं नाव साफ करा. चौथी, तक्रार करणाऱ्याचं संरक्षण. त्याचं नाव समितीपुरतंच राहावं, त्याचे टर्मवर्कचे मार्क दुसऱ्या कोणाकडे द्यावेत. मात्र निव्वळ सूड म्हणून, खोटे पुरावे देऊन तक्रार केली असेल तर त्यालाही जाब विचारावा.

यात खर्च किती? वह्यांचा आणि बाहेरच्या परीक्षकाच्या एसटी भाड्याचा! पण काही जण म्हणतील, एवढी कडक शिस्त ठेवली तर कॉलेजची बदनामी होईल, अॅक्रेडिटेशनला अडचण येईल. मला उलट वाटतं. ज्या कॉलेजात कधीच एकही तक्रार झाली नाही त्यापेक्षा जिथे तीन तक्रारी झाल्या, एक खरी निघाली, दोन खोट्या ठरल्या आणि तिन्हींचे अहवाल नोटीस बोर्डावर लागले, त्या कॉलेजच्या रिझल्टवर मी जास्त विश्वास ठेवीन. शोनच्या प्रकरणानंतर बेल लॅब्जला लोक चोरांचा अड्डा म्हणाले नाहीत. त्यांचा अहवाल मात्र आजही वाचला जातो.

दोस्तांनो, आपल्यापैकी कोणी उद्या पुलाचं डिझाईन तपासेल, कोणी खाणीच्या अहवालासाठी विहिरींची पातळी मोजेल, कोणी पीएच.डी.ला जाईल. कधीतरी टेबलावर १९ व्या दिवशी २८ दिवसांचे आकडे दिसतीलच. तेव्हा ‘कोणाकडे जाऊ?’ या प्रश्नाला आपल्या जिमखान्याच्या नाही, तर अॅकॅडमिक सेक्शनच्या बोर्डावर एक ठराविक उत्तर लिहिलेलं असावं, नाव आणि खोली नंबरसकट. या वर्षीच्या स्टुडंट्स कौन्सिलने प्राचार्यांकडे मागायचं असेल तर कँटीनच्या समोशाच्या आधी हे मागावं, असं मला वाटतं.